‘पोरावर कसली अट घालायची?’ : एका हक्कसोडपत्राचं प्रकरण

हे प्रकरण आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाकडे डिसेंबर 2022 मध्ये आलं आणि त्यातला शेवटचा कागद जून 2024 मध्ये झाला. पश्चिम महाराष्ट्रातलं तालुक्याचं गाव, एवढंच ठिकाण सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील आणि रकमा बदलल्या आहेत, घटनांचा क्रम मात्र घडला तसाच आहे. ज्यांची ही गोष्ट आहे त्यांना मी इथे काकू म्हणते. त्यांना विचारूनच हे लिहिलं आहे. मी निवृत्त शिक्षिका आहे, वकील नाही. संघात अर्ज लिहून देणं, सोबत जाणं, कागद सांभाळणं ही कामं माझ्याकडे असतात.

पार्श्वभूमी

काकूंचे यजमान साखर कारखान्यात फिटर होते. त्यांनी दीड गुंठा जागा घेऊन तीन खोल्यांचं घर बांधलं. घर त्यांच्या एकट्याच्या नावावर होतं. 2018 मध्ये ते गेले. मृत्युपत्र केलेलं नव्हतं. हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे बायको, मुलगा आणि मुलगी या तिघांचा त्या घरात सारखा हिस्सा आला. काकूंचं वय तेव्हा सत्तर. ईपीएस-95 ची, म्हणजे भविष्य निर्वाह निधीच्या पेन्शन योजनेतली, विधवा पेन्शन महिन्याला चौदाशेच्या आसपास. मुलगी लग्न होऊन शेजारच्या तालुक्यात. मुलगा, सून आणि दोन नातवंडं काकूंबरोबर राहत होती.

मुलाचा स्वतःचा टेम्पो होता. 2020 मध्ये टाळेबंदीत तो दारात उभा राहिला, हप्ते मात्र चालूच राहिले. त्यातून वाट काढायला घरावर दोन खोल्या चढवून भाड्याने द्यायच्या ठरल्या. कर्जासाठी मिळकत एकाच नावावर असलेली बरी, असं कर्ज करून देणाऱ्या एजंटने सांगितलं. म्हणून जानेवारी 2021 मध्ये काकूंनी आणि मुलीने मुलाच्या नावे हक्कसोडपत्र, म्हणजे आपला हिस्सा त्याच्यासाठी सोडून दिल्याचा दस्त, करून दिलं. त्या वेळी घरातल्या घरात असा दस्त 200 रुपयांच्या मुद्रांकावर होत असे.

त्या दिवशी घडलेली एक गोष्ट काकूंनी मला फार नंतर सांगितली. सगळं प्रकरण त्या गोष्टीभोवती फिरतं. दस्तलेखक म्हातारा आणि भला माणूस होता. मजकूर वाचून दाखवल्यावर त्याने काकूंना विचारलं, ‘आजी, मुलगा सांभाळेल अशी एक ओळ टाकू का?’ मुलगा शेजारीच बसला होता. काकू म्हणाल्या, ‘पोरावर कसली अट घालायची?’ ओळ काही पडली नाही. मग आत जाऊन त्यांनी अंगठा दिला, कॅमेऱ्यासमोर फोटो झाला, सगळे घरी आले आणि सुनेने शिरा केला.

अडचण कशी सुरू झाली

कोणीतरी एका रात्रीत आईला घराबाहेर काढलं, असं इथे झालेलं नाही. बहुतेक घरांत तसं होतच नाही. वरचा मजला झाला, भाडेकरू आले आणि कर्जाचा हप्ता महिना साडेनऊ हजारांचा सुरू झाला. नातवंडांना अभ्यासाला जागा हवी म्हणून काकू मधल्या खोलीतून जिन्याखालच्या खोलीत आल्या. पेन्शनचं एटीएम कार्ड ‘बँकेत गर्दी असते, मी काढून आणतो’ म्हणून मुलाकडे गेलं आणि तिथेच राहिलं. जेवणाचं ताट दुपारी दोननंतर यायला लागलं, मग कधी कधी येईनासं झालं. जिन्याखालच्या खोलीचा नळ वरच्या टाकीला जोडलेला होता. वर पाणी कमी पडलं की पहिला तो बंद व्हायचा.

आमच्या विरंगुळा केंद्रात महिन्यातून एकदा रक्तदाब आणि साखर तपासतात. डिसेंबर 2022 च्या तपासणीत काकूंचा वरचा आकडा 190 निघाला. नर्सने विचारलं, गोळ्या चालू आहेत ना? काकूंनी पिशवीतून दिनदर्शिकेच्या पानाची एक पुडी काढली. आत रक्तदाबाच्या गोळ्यांचे तुकडे होते, एका गोळीचे दोन, काहींचे तीन, विळीने कापलेले. महिन्याचं पाकीट दोन महिने पुरवायचं होतं. ती पुडी मी हातात घेतली तेव्हा आतली पांढरी भुकटी माझ्या बोटांना लागली. काकू म्हणाल्या, ‘सांडू नका बाई, तीबी घेते मी पाण्यातनं.’

तिथून पुढचं बोलायला काकूंना तीन आठवडे लागले. मुलाबद्दल वाईट बोलायची त्यांची तयारीच नव्हती. ‘त्याचं तरी कुठं बरं चाललंय,’ हेच पालुपद. आणि ते खोटं नव्हतं. हप्ता, डिझेल, दोन शाळा. सून एका दवाखान्यात सहा हजारांवर काम करत होती. या घरात कुणी राक्षस नव्हता. दडपण होतं, आणि ते दडपण सगळ्यांत आधी त्या माणसावर पडलं ज्याच्या हातात आता कुठलाच कागद नव्हता.

समोर कोणते पर्याय होते

पहिला पर्याय घरात बसून बोलण्याचा. संघाचे दोघे ज्येष्ठ सभासद मुलाला भेटले. त्याने चहा दिला, ‘आईला काय कमी आहे ते सांगा’ म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी काकूंना ‘गावात बोभाटा केलास’ म्हणून ऐकवलं. चार दिवस ताट बंद. घरातल्या भांडणात बाहेरच्याने एकदाच जाऊन येणं किती धोक्याचं असतं, हे आम्ही इथे शिकलो. जायचं तर पुढच्या आठवड्यात पुन्हा जायला हवं, नाहीतर जाऊच नये.

दुसरा पोलिसांचा. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 24 प्रमाणे सांभाळण्याची जबाबदारी असलेल्याने ज्येष्ठाला वाऱ्यावर सोडून दिलं, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण काकू त्याच घरात राहत होत्या, ‘सोडून दिलं’ हे दाखवणं अवघड होतं. आणि ठाण्यात जायला त्या तयारच नव्हत्या.

तिसरा, हक्कसोडपत्र रद्द करायला दिवाणी दावा. त्यासाठी फसवणूक किंवा दबाव सिद्ध करावा लागतो. काकूंना फसवलं नव्हतं. त्यांनी समजून-उमजून, प्रेमाने सही दिली होती. शिवाय त्या दाव्याला किती वर्षं लागतील, हे वयाच्या पंचाहत्तरीत विचारायचीही सोय नसते.

चौथा, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 खाली न्यायालयात पोटगी मागणं. आता हीच तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम 144 म्हणून आहे. तिथून किंवा ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली, दोन्हींपैकी एकाच ठिकाणी मागता येतं.

घरगुती हिंसाचार कायदा 2005 आम्ही तेव्हा विचारातच घेतला नाही. तो सुनेसाठी असतो, असं आमच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. आईसुद्धा मुलाविरुद्ध त्या कायद्याचा आधार घेऊ शकते आणि राहत्या घरातून हुसकू नये असा आदेश मागू शकते.

वृद्धाश्रमाची चौकशी मुलीने केली. चांगल्या ठिकाणी महिन्याला दहा हजारांच्या पुढे आकडे होते. प्रत्येक जिल्ह्यात गरजू ज्येष्ठांसाठी निदान 150 जणांची सोय असलेला एक वृद्धाश्रम असावा, असं 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 19 मध्ये लिहिलं आहे. पण सरकार असे आश्रम स्थापन ‘करू शकेल’ अशी तिथली भाषा आहे. करीलच असं नाही.

गरीब ज्येष्ठांना दरमहा पैसे देणाऱ्या राज्याच्या श्रावणबाळ योजनेचंही पाहिलं. त्यासाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत लागतं. रेशनकार्ड एकच, म्हणून मुलाचं उत्पन्न काकूंचं धरलं गेलं. त्या उत्पन्नातला एक रुपया त्यांच्यापर्यंत पोचत नव्हता, तरी कागदावर त्या सुखवस्तू ठरल्या.

उरला प्रांत कार्यालयातल्या निर्वाह न्यायाधिकरणाचा रस्ता. 2007 च्या कायद्याने उपविभागीय अधिकाऱ्याच्या दर्जाचा अधिकारी तिथे बसतो. अर्ज साध्या कागदावर चालतो, वकील लागत नाही. ज्येष्ठाने अधिकार दिला तर संस्थेलाही त्याच्या वतीने अर्ज करता येतो. नोटीस बजावल्यापासून 90 दिवसांत, फार तर आणखी 30 दिवस वाढवून निकाल द्यायचा असतो. आम्ही हा रस्ता धरला.

पहिला निर्णय: काय मागायचं

अर्ज लिहायला बसलो तेव्हा मुलीचं आणि माझं मत होतं की घर परत मागावं. कलम 23 सांगतं की ज्येष्ठाने ‘माझी देखभाल करशील’ या अटीवर मिळकत दिली असेल आणि घेणाऱ्याने ती अट पाळली नाही, तर तो व्यवहार फसवणुकीने किंवा दबावाने झाला असं मानून रद्द करता येतो. हक्कसोडपत्रालाही ते लागू होऊ शकतं. काकूंना तेवढं नको होतं. ‘मला माझी खोली, दोन वेळचं आणि गोळ्या पाहिजेत. पोराला घराबाहेर काढायचं नाही.’

शेवटी दोन्ही मागितलं. कलम 5 खाली दरमहा निर्वाह भत्ता, आणि कलम 23 खाली काकूंच्या हिश्श्यापुरतं हक्कसोडपत्र रद्द. ‘हिश्श्यापुरतं’ हे ध्यानात घ्यायला हवं. मुलीने सोडलेला हिस्सा या कायद्याने परत आलाच नसता. ती ज्येष्ठ नागरिक नव्हती. म्हणजे जिंकलो असतो तरी काकूंच्या हाती घराचा एक तृतीयांश भागच आला असता.

अर्जात भाषेची चूक माझी झाली. मी दोन पानं काकूंच्या हालाची लिहिली. ताट, पाणी, गोळ्या, सगळं खरं होतं. पण हक्कसोडपत्र कोणत्या भरवशावर दिलं, त्या वेळी कोण काय बोललं, कर्जाच्या वेळी मुलाने काय कबूल केलं होतं, यावर एक ओळही लिहिली नाही. कलम 23 साठी लागत होतं नेमकं तेच.

काय घडलं

जानेवारी 2023 च्या दुसऱ्या आठवड्यात अर्ज दाखल केला. पहिली नोटीस ‘बाहेरगावी’ असा शेरा मारून परत आली. मुलगा टेम्पोवर असायचा, संध्याकाळी घरीच यायचा. दुसरी नोटीस मार्चअखेर बजावली गेली. नव्वद दिवस तिथून मोजायचे, अर्जाच्या तारखेपासून नाही. म्हणजे अडीच महिने कायद्याच्या हिशेबात धरलेच जात नाहीत, आणि तेवढे दिवस काकू त्याच घरात, त्याच माणसांत, अर्ज करणारी आई म्हणून राहत होत्या.

मधल्या काळात एक काम मात्र चांगलं झालं. काकूंना पोस्टात घेऊन गेलो, नवं बचत खातं उघडलं आणि पेन्शनच्या खात्याला जोडलेला मुलाचा मोबाइल नंबर बदलून घेतला. जुनं एटीएम कार्ड बंद केलं. पेन्शन पुन्हा त्यांच्या हातात आली. गोळ्या पूर्ण घ्यायला त्यांनी त्या महिन्यापासून सुरुवात केली, कोणत्याही आदेशाच्या आधी. आता कुठलंही प्रकरण आलं की आम्ही पहिली भेट बँकेत करतो आणि दुसरी प्रांत कार्यालयात.

एप्रिल-मे मध्ये समेट अधिकाऱ्यासमोर तीन बैठका झाल्या. तिसऱ्या बैठकीत सून पहिल्यांदा बोलली. म्हणाली, ‘यांना मी जेवायला देत नाही असं लिहिलंय. मी सकाळी आठला निघते, सहाला येते. दुपारचं कोण देणार?’ खोलीत कुणाजवळ उत्तर नव्हतं. मलाही त्या क्षणी आमच्या अर्जातली काही वाक्यं खुपली. तिथे थोडा धीर धरला असता तर कदाचित समेट झाला असता. पण मुलगा ‘लेखी काही देणार नाही’ यावर अडून बसला.

जूनमध्ये मुलाचं लेखी उत्तर आलं. वकिलाला तिथे उभं राहता येत नव्हतं, पण उत्तर वकिलानेच लिहिलेलं होतं. सोबत सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल जोडला होता: सुदेश छिकारा विरुद्ध रामती देवी, 6 डिसेंबर 2022. त्यात म्हटलं होतं की कलम 23 लागू व्हायला मिळकत देताना देखभालीची अट होती, हे दिसायला हवं. केवळ आई-मुलाचं नातं आहे म्हणून ती अट धरता येणार नाही. आमचा अर्ज त्या निकालानंतर महिनाभराने गेला होता आणि आम्हाला त्याची खबरही नव्हती. हक्कसोडपत्राची प्रमाणित प्रत मी त्या रात्री पुन्हा वाचली. ‘सदर मिळकतीवरील माझा हक्क, हिस्सा व हितसंबंध कोणताही मोबदला न घेता राजीखुशीने कायमचा सोडून देत आहे.’ पुढे सगळीकडे काकू म्हणजे ‘लिहून देणार नं. 1’. आई हा शब्द चार पानांत एकदाच होता, नातं सांगण्यापुरता.

मधे अधिकाऱ्यांची बदली झाली, एक तारीख वाया गेली. अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतचा, भत्ता मागता येतो हे कायद्यात असूनही आम्ही तो लेखी मागितला जूनमध्ये. जुलैपासून दोन हजार सुरू झाले. जानेवारीतच मागायला हवे होते.

आदेश

सप्टेंबर 2023 मध्ये, कायद्याने दिलेली मुदत ओलांडून, आदेश झाला. मुलाने दरमहा 4,000 आणि मुलीने 1,000 द्यावेत. खालची मधली खोली, न्हाणीघर आणि नळ काकूंना वापरू द्यावा, त्यात अडथळा आणू नये. कलम 23 ची मागणी अट सिद्ध न झाल्याने नामंजूर.

मुलीलाही रक्कम भरावी लागली याचं गावात अनेकांना नवल वाटलं. कायदा मुलगा-मुलगी असा भेद करत नाही. तिने घराचा हिस्सा सोडला होता, जबाबदारी सुटली नव्हती. तिने एक शब्द न बोलता पहिल्या महिन्यापासून पैसे पाठवले. आजवर एकही महिना चुकलेला नाही.

दुसरा निर्णय: अपील करायचं का

60 दिवसांत जिल्हाधिकारी पातळीवरच्या अपील न्यायाधिकरणाकडे जाता आलं असतं. मी दस्तलेखकाकडे जाऊन आले. त्याला तो दिवस आठवत होता, काकूंचं वाक्यसुद्धा. पण त्याची साक्ष आमच्याच विरुद्ध गेली असती, कारण अट घालायला काकूंनीच नकार दिला होता. काकूही थकल्या होत्या. मधली खोली परत मिळाली, खिडकीतून पारिजातक दिसतो, एवढ्यावर त्या समाधानी होत्या. अपील केलं नाही. ते बरोबर होतं का, याचा विचार माझ्या मनात अजूनही चालू असतो.

2 जानेवारी 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने ऊर्मिला दीक्षित प्रकरणात या कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूने, उदारपणे लावायला हवा असं सांगितलं आणि न्यायाधिकरण ताबा परत देण्याचा आदेश देऊ शकतं हेही स्पष्ट केलं. तिथे बक्षीसपत्रासोबत मुलाने लिहून दिलेलं वचनपत्र होतं. त्याच वर्षी मद्रास उच्च न्यायालयाने एका प्रकरणात आणखी पुढे जाऊन, प्रेमापोटी दिलेल्या मिळकतीत देखभालीची अट गर्भितच असते, असं मानलं. हे निकाल 2023 मध्ये असते तर काय झालं असतं, हा विचार आला की मला झोप लागत नाही. एका वृद्ध बाईचं घर तिला परत मिळणार का, हे तिने अर्ज कोणत्या साली आणि कोणत्या राज्यात केला यावर ठरावं का?

थकलेले हप्ते

सप्टेंबर आणि ऑक्टोबरचे पैसे वेळेवर आले. नोव्हेंबरपासून बंद. काकूंनी सांगितलं मार्च 2024 मध्ये, तेही मुलीला. त्यांना वाटत होतं, टेम्पोचं इंजिन उतरवलंय, पोरगं देईल नंतर.

इथे कायद्यातली एक बारीक ओळ आम्हाला नडली. रक्कम देय झाल्यापासून तीन महिन्यांत वसुलीचा अर्ज केला नाही, तर त्या रकमेसाठी वॉरंट निघत नाही. नोव्हेंबर आणि डिसेंबरचे मिळून आठ हजार, त्यासाठी वॉरंटचा रस्ता मार्चपर्यंत बंद झालेला होता. ज्या कायद्याखाली दाद मागणारी माणसं सत्तरी-ऐंशीची आहेत, पोराविरुद्ध तोंड उघडायला ज्यांना महिने लागतात, त्यांच्यासाठी तीन महिन्यांची ही मुदत ठेवणाऱ्यांनी असं एखादं घर आतून पाहिलं नसावं, असं मला वाटतं.

बाकीच्या थकबाकीसाठी अर्ज केला. तेवढ्यात लोकसभेची निवडणूक लागली आणि प्रांत कार्यालय दोन महिने त्यातच बुडालं. ही त्या अधिकाऱ्यांविरुद्धची तक्रार नाही. भूसंपादन, पूर, निवडणूक, दाखले आणि ज्येष्ठांचे अर्ज, सगळं एकाच टेबलावर येतं. त्यात काकूंची फाइल खाली जाणारच.

तिसरा निर्णय: वॉरंट

पैसे भरले नाहीत तर महिन्याभरापर्यंत कैद होऊ शकते. जूनमध्ये अधिकाऱ्यांनी काकूंना थेट विचारलं. काकू हात जोडून म्हणाल्या, ‘त्याला आत घालून मी जेवू कशी साहेब?’

इथे मुलीने एक वाट सुचवली आणि ती सगळ्यांना पटली. वरच्या दोन खोल्यांपैकी एकीचं भाडं 3,000 रुपये. भाडेकराराचं नूतनीकरण व्हायचंच होतं. त्या करारात भाडं जमा करायचं खातं काकूंचं घालायचं. उरलेले हजार मुलाने द्यायचे. थकबाकी सहा हप्त्यांत. ही तडजोड न्यायाधिकरणापुढे लेखी नोंदवून घेतली. मुलाने लगेच सही केली. त्याच्याकडून दर महिन्याला चार हजार मागणं आणि ते त्याच्या हातात येण्याआधीच वळवणं, यात त्याच्यासाठीही फरक होता. आईला ‘द्यायला’ लागत नव्हते.

आजची स्थिती

काकू मधल्या खोलीत राहतात. भाडं येतं. मुलाचे हजार दोन-तीन महिन्यांतून एकदा एकदम येतात. सून संध्याकाळी भाजी देते, पोळ्या काकू स्वतः करतात. रक्तदाब 140 च्या आसपास असतो. मुलगा त्यांच्याशी अजून फारसा बोलत नाही. धाकटा नातू अभ्यासाला त्यांच्या खोलीत येऊन बसतो.

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यांत मोठी संधी जानेवारी 2021 मध्ये होती, आमच्याकडे येण्याच्या दोन वर्षं आधी. हक्कसोडपत्र न करता तिघांना सहकर्जदार करून कर्ज मिळतं का, हे बँकेच्या शाखेत जाऊन कुणी विचारलंच नाही. एजंटचं म्हणणं धरून चालले. करायचंच होतं तर ‘हयातीपर्यंत खालच्या मजल्यावर राहण्याचा हक्क राखून’ एवढे शब्द घालता आले असते. किंवा मृत्युपत्र करून थांबता आलं असतं, ते केव्हाही बदलता येतं. आता आमच्या केंद्रात कुणी बक्षीसपत्र किंवा हक्कसोडपत्र करायला निघालं की आम्ही त्यांना आधी ही गोष्ट सांगतो आणि सहीला जाण्यापूर्वी मसुदा वाचायला मागतो.

आमच्या बाजूने सांगायचं तर चुका तीन. अर्जात हाल लिहिले, भरवसा लिहिला नाही. अंतरिम भत्ता पहिल्या दिवशी मागितला नाही. आदेशानंतर दर महिन्याच्या दहा तारखेला पासबुक तपासायला कुणी गेलं नाही. आदेश मिळाला म्हणजे काम संपलं, असं आम्ही मानलं.

कायद्यात आणि धोरणात काय हवं

दस्तलेखकाने विचारलं तेव्हा काकूंनी अट नाकारली. कितीही शिकलेली, कितीही सावध आई असली तरी पोरासमोर बसून ‘तू मला सांभाळशील असं लिहून दे’ म्हणणं तिला जमत नाही. ती अट घालणं म्हणजे पोरावर अविश्वास दाखवणं. आणि कलम 23 नेमकं तेच तिच्याकडून मागतं. माझं म्हणणं एवढंच आहे: अट आईला घालावी लागू नये. साठीच्या पुढच्या माणसाने मुलांना किंवा नातेवाइकांना मोबदल्याशिवाय मिळकत दिली, की देखभालीची अट आणि हयातीपर्यंत राहण्याचा हक्क कायद्यानेच त्यात धरलेला असावा. ज्याला तो नको असेल त्याने दुय्यम निबंधकासमोर, मुलं बाहेर असताना, तसं सांगावं. आज ओझं आईवर आहे, ते उलटं व्हायला हवं.

हे राष्ट्रीय पातळीवरच व्हायला हवं, कारण कायदा केंद्राचा आहे. राष्ट्रीय ज्येष्ठ नागरिक धोरण 1999 चं आहे. त्याचा नवा मसुदा 2011 मध्ये तयार झाला, तो मंजूर झाला नाही. 2007 च्या कायद्यात निर्वाह भत्त्याची कमाल मर्यादा 10,000 रुपये आहे. डिसेंबर 2019 मध्ये लोकसभेत आलेल्या दुरुस्ती विधेयकात ती मर्यादा काढायची होती, सून आणि जावई यांनाही जबाबदारीत आणायचं होतं, ऐंशीच्या पुढच्यांचे अर्ज 60 दिवसांत निकाली काढायचे होते, प्रत्येक ठाण्यात ज्येष्ठांसाठी एक पोलीस अधिकारी नेमायचा होता. ते समितीकडे गेलं, अहवाल आला, आणि जून 2024 मध्ये लोकसभा विसर्जित झाली तेव्हा विधेयकही संपलं. त्याच महिन्यात आम्ही काकूंसाठी एका खोलीचं भाडं वळवण्याची तडजोड लिहीत होतो.

केंद्राच्या इंदिरा गांधी वृद्धापकाळ पेन्शनमध्ये 60 ते 79 वयासाठी केंद्राचा वाटा आजही महिना 200 रुपये आहे, ऐंशीनंतर 500. काकूंची रक्तदाबाची आणि साखरेची गोळी मिळून महिन्याला त्याहून जास्त लागते. ज्याच्या हातात स्वतःचे पुरेसे पैसे आहेत, त्याला पोराविरुद्ध अर्ज करायची वेळ कमी वेळा येते. म्हणून मला पेन्शन आणि हा कायदा वेगळे वाटत नाहीत. उत्पन्नाची अटही कुटुंबाच्या नव्हे, त्या माणसाच्या स्वतःच्या उत्पन्नावर हवी.

14567 ही ज्येष्ठांची हेल्पलाइन 2021 पासून देशभर आहे आणि ती उपयोगी आहे, आम्ही वापरली आहे. पण फोन कुणीतरी उचलणं आणि महिन्याच्या दहा तारखेला कुणीतरी दारात येऊन पासबुक बघणं, यात जे अंतर आहे ते आज आमच्यासारखे संघ भरून काढतात, जिथे संघ आहेत तिथे.

काकूंच्या वरच्या खोलीचा भाडेकरार अकरा महिन्यांचा आहे. तो एकदा नव्याने झाला, तेव्हा मी सोबत होते, आणि खात्याच्या रकान्यात काकूंचाच नंबर पडेपर्यंत उठले नाही. पुढचा करार पुन्हा पावसाळ्याच्या तोंडाशी येतो आहे. काकूंनी आतापासूनच तारीख सांगून ठेवली आहे.